रविंद्रचा तळहात आणि गोविंदरावांची पिकअप

नरपडच्या रविंद्र माच्छीला बोट लागते. ज्या घरातल्या तीन पिढ्या मासेमारीवर जगल्या, त्या घरातला हा मुलगा होडी जरा आत गेली की पोटातलं सगळं समुद्राला देऊन मोकळा व्हायचा. बापाने दोन हंगाम वाट पाहिली, तिसऱ्या हंगामात हात टेकले आणि ओळखीपाळखीने त्याला तलासरीला, हायवेवरच्या एका गॅरेजात चिकटवून दिलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. सकाळच्या एसटीने डहाणू, तिथून तलासरी, आणि संध्याकाळी तसाच परत. हे असं सव्वीस वर्षं चाललं.

गॅरेज डेंटिंग-पेंटिंगचं. तिथे रंग मारायचा उस्ताद, आणि घासायचं रविंद्रने. रंगाच्या आधी गाडीचा पत्रा पाणी आणि खरखरीत वॉटर पेपर घेऊन घासावा लागतो. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुटी, भरली की घासायची, रंगाआधीचा प्रायमर मारला की पुन्हा घासायचा, आणि तळहात फिरवून बघायचं. डोळ्याला जे दिसत नाही ते तळहाताला लागतं. रविंद्र डोळे मिटून गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि बोट ठेवून सांगायचा, इथे खड्डा आहे. तिथे खड्डा असायचाच. या कामात त्याच्या बोटांचे ठसेसुद्धा झिजून गेले. रेशनच्या दुकानातलं मशीन त्याचा अंगठा ओळखत नाही, त्यामुळे धान्य आणायला दर महिन्याला बायकोला, वर्षाला, जावं लागतं. ‘सरकारच्या हिशोबात तुम्ही नाहीच आहात,’ असं ती त्याला ऐकवते.

गाडी चकचकीत होऊन बाहेर पडली की गिऱ्हाईक उस्तादाचा हात हातात घ्यायचं. घासणाऱ्याला कोण विचारतो? रंग फवारायची गन रविंद्रला धुवायला मिळायची, धरायला नाही. उस्ताद माणूस वाईट नव्हता, पण गन म्हणजे त्याची दौलत होती. दुपारी तो जेवून आडवा झाला की रविंद्र भंगारातल्या मडगार्डांवर हात साफ करून घ्यायचा. उस्तादाला ते माहीत होतं आणि तो झोपेचं सोंग घ्यायचा. गेल्या वर्षी उस्ताद गॅरेज बंद करून आपल्या मुलखात निघून गेला. जाताना जुना कॉम्प्रेसर आणि एक गन रविंद्रच्या हवाली करून गेला.

रविंद्रने घराच्या अंगणात बांबू ठोकले, वर ताडपत्री आणि चारी बाजूंनी हिरवी जाळी लावली आणि कामाची वाट बघत बसला. कामं आली ती अशी: एक गोदरेजचं कपाट, दोन स्कूटरची मडगार्डं आणि शेजारच्या चंपाकाकूंच्या खिडकीची जाळी. गाडी कोणी देईना. गावात सगळ्यांना माहीत होतं की रवी घासतो.

मग गोविंदराव चुरींची पिकअप निघाली. गोविंदरावांची चिकूची मोठी वाडी आहे. त्यांच्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात घेतलेली महिंद्राची पिकअप वाडीच्या मागे चौदा वर्षं एका झाडाखाली उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालत. गोविंदरावांच्या मुलीचं, मयुराचं लग्न मे महिन्याच्या अठ्ठावीस तारखेचं ठरलं आणि तिने हट्ट धरला की मांडवात जाईन तर आजोबांच्या गाडीतून. तलासरीचा मेकॅनिक येऊन इंजिन चालू करून गेला. आता बॉडी आणि रंग. गोविंदरावांच्या मनात गाडी वापीला मोठ्या वर्कशॉपमध्ये पाठवायची होती. मयुरा म्हणाली, "रवीकाका आहेत ना गावात."

गोविंदरावांनी रविंद्रला बोलावलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "रवी, तू घासतोस चांगलं, ते मला माहीत आहे. पण रंग जमेल का तुला? लग्नाला झाईपासून वाढवणपर्यंत सगळे येणार. माझी फजिती करू नकोस."

"जमेल, काका," रविंद्र म्हणाला. घरी येताना त्याने मनात हिशोब मांडला. गोविंदरावांची फजिती एका दिवसाची होती. आपलं काय होणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं. गाडी चांगली झाली तर सगळी किनारपट्टी तिला एका जागी बघणार होती आणि त्याला पेंटर म्हणणार होती. बिघडली तर तीच किनारपट्टी पुढची वीस वर्षं त्याला कपाटं आणि जाळ्या देत राहणार होती.

मार्चमध्ये गाडी अंगणात आली. हौद्याच्या पत्र्यावर वर्षानुवर्षांचा चिकूचा चीक बसून काळी साल झाली होती, ती खरवडायलाच चार दिवस गेले. खालचा पत्रा गंजून कुरमुऱ्यासारखा झाला होता, तो कापून नवा जोडला. दारांचे पोचे लाकडी हातोडीने काढले. डॅशबोर्डच्या मागे मूळ रंगाचा तळहाताएवढा तुकडा सापडला, गडद हिरवा, जुन्या चिकूच्या पानाचा असतो तसा. तोच रंग तलासरीच्या दुकानात मशीनवर जुळवून आणला. महिनाभर रविंद्र वाकून घासत होता आणि वर्षा विहिरीचं पाणी बादलीने आणून ओतत होती. मेच्या पहिल्या आठवड्यात, समुद्राचा वारा सुटायच्या आधी पहाटे, अंगणात सडा मारून धूळ बसवली आणि रविंद्रने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा अख्ख्या गाडीवर गन चालवली.

गाडी सुरेख झाली. उगाच भिडेपोटी म्हणत नाही, खरोखरच सुरेख झाली. गोविंदराव कौतुकाच्या बाबतीत भलतेच कंजूस, तेही दोन फेऱ्या मारून म्हणाले, "बरी झालीय." पोरं-पोरी येऊन फोटो काढून जाऊ लागली. जो येई तो सल्ला देई की दारावर वारली चित्रं काढ, फोटो भारी येतो. रविंद्र वैतागून म्हणायचा, "ज्यांची आहेत त्यांनी काढावीत. मी पेंटर आहे." हे वाक्य तो गरजेपेक्षा जरा मोठ्याने म्हणायचा, आणि वर्षा आतून हसायची.

लग्नाला तेरा दिवस उरले होते. संध्याकाळी रविंद्र मऊ फडक्याने गाडी पुसत होता. पुसता पुसता सवयीने डाव्या दाराच्या खाली तळहात फिरवला, आणि हात थांबला. रंगाखाली रवा पसरल्यासारखं काहीतरी बारीक बारीक लागत होतं. त्याने खाली बसून निरखून पाहिलं, तर काही नाही, आरशासारखा रंग. डोळे मिटून पुन्हा हात फिरवला. रवा होताच. मडगार्डवर होता, बॉनेटवर होता, हौद्याच्या बाजूला होता. त्याने वर्षाच्या डब्यातली सुई आणली आणि दाराच्या अगदी खालच्या कडेला एक दाणा टोचला. पाण्याचा टिपूस आला. तो त्याने बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

खारट होता.

इथे नरपडचं पाणी सांगायला हवं. समुद्राकाठच्या या गावात पाणी दोन जातींचं. एक गोडं, प्यायचं, ते चंपाकाकूंच्या आवारातल्या विहिरीचं किंवा विकतच्या जारमधलं. दुसरं मचूळ, म्हणजे किंचित खारं, वापरायचं, ते प्रत्येकाच्या अंगणातल्या विहिरीचं. अंघोळ, कपडे, भांडी, सडा, सगळं मचूळ पाण्याने. गोड्या पाण्याने हात धुतला तरी घरातली म्हातारी माणसं डोळे वटारतात. हे कोणी कोणाला शिकवत नाही, ते अंगातच असतं. तलासरीच्या गॅरेजात बोअरचं पाणी गोडं होतं, त्यामुळे पाण्याचा विचार करायची वेळ रविंद्रवर कधी आलीच नाही. अंगणात गाडी आली आणि बादली आपल्या पायांनी गेल्यासारखी मचूळ विहिरीवर गेली. महिनाभर घासताना ते मीठ पत्र्यावर आणि लांबीत बसलं, वरून रंगाने झाकलं गेलं, आणि आता दमट हवेचं पाणी ओढून घेऊन एकेक फोड उठवत होतं. नरपडबाहेरच्या पेंटरने पहिल्या दिवशी विचारलं असतं, पाणी कसं आहे? रविंद्रला विचारायचं सुचलं नाही, कारण उत्तर त्याला जन्मापासून माहीत होतं.

चहा निवून गेला. वर्षाने सगळं ऐकून घेतलं आणि व्यवहाराचं बोलली. "कोणाला दिसतंय का?"

"आता नाही. पावसाळ्यात वाढतील. गणपतीपर्यंत पापुद्रे सुटतील."

"मग लग्न होऊन जाऊ दे की. गणपतीत सुटले तर सुटले. चौदा वर्षं कोंबड्या बसत होत्या त्या गाडीत. लोक म्हणतील, जुना गंज वर आला. तुमचं नाव कोण घेईल?"

वर्षा खोटारडी बाई नाही. तिने नवऱ्याला लग्न झाल्यापासून अंगभर पांढरी धूळ घेऊन घरी येताना पाहिलं होतं आणि त्याची एकदा तरी वाहवा व्हावी असं तिला फार वाटत होतं. रविंद्रलाही ते पटत होतं. लग्नात सगळे बघतील, दोन-चार कामं मिळतील, पुढचं पुढे. तो उठून दोनदा फाटकापर्यंत गेला आणि दोनदा परत आला. मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

सकाळी वर्षा दात घासत बाहेर आली, तर रविंद्र बॉनेटसमोर उभा होता. हातात जाड पेपर. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या आरशासारख्या हिरव्या रंगावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेपर ओढला. मग दुसऱ्यांदा ओढला. आता मागे फिरणं नव्हतं. मग तो हात धुऊन गोविंदरावांकडे गेला.

त्याने काही लपवलं नाही. रंग नकली होता, प्रायमर जुना निघाला, असं सांगता आलं असतं, पण तो म्हणाला, "चूक माझी आहे, काका. मचूळ पाण्याने घासली. सगळा रंग काढावा लागेल. लग्नापर्यंत पुन्हा होईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही."

गोविंदराव पत्रिकांवर नावं घालत बसले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काल संध्याकाळी मी स्वतः बघून आलो ती गाडी. काय झालं होतं तिला? माझ्या सगळ्या पाहुण्यांना सांगून झालंय!" त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला. "सव्वीस वर्षं घासलंस आणि घासणाराच राहिलास. रंग टिकला तुझा तरी तू तो घासून काढणार. वापीला दिली असती तर बरं झालं असतं."

हे शब्द रविंद्रला लागले, फार लागले. घरी येऊन त्याने जेवण नको म्हटलं आणि थेट गाडीपाशी गेला.

दहा दिवस त्या अंगणात दुसरं काही झालं नाही. रंग काढायचा, प्रायमर काढायचा, लांबी खरवडायची, पत्रा उघडा करायचा आणि गोड्या पाण्याने धुवायचा. डहाणूहून टेम्पोत जार आले. आणि मग एक निराळीच अडचण उभी राहिली. वर्षाचा हात चालेना. रविंद्र म्हणे, ओत, तर ती तांब्याने देवाला घातल्यासारखी बारीक धार सोडी.

"अगं, भसाभस ओत! मीठ जायला पाहिजे."

"ओततेय ना."

"ही काय ओतायची रीत झाली?"

वर्षाने तांब्या खाली आपटला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझ्या आईने बाळंतपणातसुद्धा गोड्या पाण्याने अंघोळ केली नाही. आणि मी गाडीला घालू? हात नाही होत माझा." कुंपणापलीकडून चंपाकाकूंनी तेवढ्यात आहेर केलाच, "माजलेत लोक. प्यायच्या पाण्याने गाड्या धुतात!"

रविंद्र रागवायचा राहिला. त्याच्याही हाताने सकाळी एकदा पेपर मचूळ बादलीत बुडवला होता, केवळ सवयीने, आणि तो पेपर त्याला फेकून द्यावा लागला होता. त्याने फावडं घेतलं आणि गाडीखालून नारळाच्या आळ्यापर्यंत एक चर खणला. "हे बघ, सगळं झाडाला जातंय. वाया काही नाही." वर्षाने चराकडे पाहिलं, नाक पुसलं, आणि पहिल्यांदा अख्खा जार उचलून बॉनेटवर रिकामा केला.

पंचवीस तारखेला संध्याकाळी राखाडी प्रायमर मारून घासून पुरा झाला. रविंद्रने डोळे मिटून गाडीभोवती फेरी मारली. कुठेही काही लागलं नाही. आता रंगाला एक पहाट आणि सुकायला किमान एक दिवस. दिवस मोजून बसत होते, पण हवा बसत नव्हती. वारा फिरला होता, कपडे वाळत नव्हते. अशा ओल्या हवेत मारलेला रंग धुरकट पडतो आणि तसाच राहतो. दोन दिवस त्याने पहाटे उठून आभाळाकडे पाहिलं आणि दोन्ही दिवस गन उचलली नाही. सत्तावीसला दुपारी त्याने गोविंदरावांना फोन करून सांगितलं, रंग होणार नाही. पलीकडून उत्तर न देता फोन ठेवला गेला. नंतर कळलं की त्यांनी डहाणूहून भाड्याची पांढरी गाडी सांगितली.

संध्याकाळी मयुरा स्वतःच स्कूटरवर मागे बसून आली. दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरलेले, तोंड फुगलेलं. "रवीकाका, बाबा म्हणतात तुम्ही चांगली गाडी घासून टाकलीत. का हो असं केलंत?"

रविंद्र बोलण्यात कधीच पटाईत नव्हता. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून ठेवलेलं होतं, ते तेवढं घासायचं राहिलं होतं. त्याने ते तिच्यापुढे धरलं. "मेंदी सुकली असेल तर हात फिरव. डोळे मिट." तिने फिरवला. "काही नाही." "पुन्हा. अलगद." तिसऱ्या वेळी तिच्या कपाळाला आठी पडली. "बारीक काहीतरी आहे. रव्यासारखं."

"सगळ्या गाडीला होतं ते. आता इथे बघ." त्याने तिचा हात दाराच्या राखाडी प्रायमरवर ठेवला. तिने अख्ख्या दारावरून हात फिरवला, मग हौद्याच्या कडेवरून.

"हिला हार घालता येतील ना?" तिने विचारलं. "की रंगाआधी चालत नाही?"

"चालतं. पण ही राखाडी आहे पोरी. लोक हसतील."

"लग्न माझं आहे," मयुरा म्हणाली. "आणि चालवायची तुम्ही. बाबांना मी बघते."

तिने बाबांना कसं बघितलं ते माहीत नाही. पण अठ्ठावीसला सकाळी पिकअपला झेंडूच्या माळा लागल्या, हौद्यात गालिचा अंथरला गेला आणि इस्त्रीचा शर्ट घालून रविंद्र स्टिअरिंगवर बसला. त्याच्या आयुष्यातले ते सगळ्यात लांब तीन किलोमीटर होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहुणे. मांडवाच्या दाराशी कोणीतरी ओरडलंच, "काय गोविंदराव, रंग उधार मिळाला नाही का?" हशा पिकला. गोविंदरावांनी मान दुसरीकडे वळवली. मयुरा मात्र राणीसारखी उतरली आणि आत गेली. रविंद्रने गाडी कडेला लावली, खिडकीची काच वर केली आणि आतच बसून राहिला. ज्या दिवशी सगळी किनारपट्टी आपलं काम बघणार होती त्या दिवशी ती अर्धवट काम बघत होती, आणि त्याला मनापासून वाटलं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. लोक येता-जाता फोटो काढत होते. तेवढ्यात आरशात त्याला दिसलं की पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा माणूस हौद्यापाशी उभा आहे. त्याने फोटो काढला नाही. हाताची अंगठी काढून खिशात टाकली, तळहात पत्र्यावर ठेवला आणि चालू लागला. हौदा, मागचं फाळकं, दुसरी बाजू, मडगार्ड, बॉनेट. कुठेही हात उचलला नाही. पूर्ण फेरी मारून तो रविंद्रच्या खिडकीशी आला आणि काचेवर टकटक केलं. रविंद्र घाईघाईने खाली उतरला.

"गाडी कोणी केली, भाय?"

"मी." त्याने लगेच सांगून टाकलं, "रंग राहिलाय. हवा ओली होती."

"मारला नाहीस ते बरं केलंस," म्हातारा म्हणाला. "रंग काय, कोणी पण मारतो." त्याने पुन्हा एकदा दारावर हात ठेवला, जरा वेळ तिथेच राहू दिला. "मी झाईचा प्रविण. बर्फाच्या गाड्या चालवायचो, चाळीस वर्षं. माझी पहिली गाडी अजून आहे घरी. पोरं म्हणतात भंगारात दे. मी देत नाही. आत्तापर्यंत कोणाला दाखवली पण नाही, सगळे वरून रंग फासून देणारे." त्याने खिशातली अंगठी काढून पुन्हा बोटात घातली. "तुझ्याकडे आणू?"

सव्वीस वर्षांत लोक उस्तादाकडे आले होते, गॅरेजकडे आले होते. त्याच्याकडे म्हणून, त्याचं काम हाताने बघून, आलेला हा पहिला माणूस होता. त्याला इतका आनंद झाला की मांडवातल्या वाजंत्र्यांचा आवाजही क्षणभर ऐकू आला नाही.

"दसऱ्यानंतर आणा," तो म्हणाला. "पाऊस सरला की आधी ही पुरी करतो."

"घाई नाही मला," म्हातारा म्हणाला आणि हात पुढे केला.